रुमालाखालचे हंगाम

गुरांच्या बाजारात दलालाने एक गोष्ट जन्मभर पाळायची असते. रुमालाखाली ठरलेला आकडा तोंडातून बाहेर काढायचा नाही. माझे वडील उदगीरकडचे हेडी, म्हणजे बैलांचे सौदे जुळवून देणारे. घेणारा आणि विकणारा एका रुमालाखाली हात घालतात आणि बोटं धरून बोलतात. एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच, मधलं पेर दाबलं की अर्धा. भोवती बाजार भरलेला असला तरी कुणाला काही कळत नाही. या जोडीचा भाव फुटला तर शेजारच्या जोडीचा धनी तोच भाव मागतो, म्हणून ही सोय. आणि एकदा बोट दाबून सोडलं की तो आकडा पुन्हा उघडायचा नाही. जो उघडेल त्याच्या रुमालाखाली पुन्हा कुणी हात घालत नाही.

या लेखात मी असाच एक आकडा फोडणार आहे. ज्या बाईशी सौदा केला, तिला विचारून फोडतोय.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे ‘आंतरराष्ट्रीय संस्थेतले अनुभव’ मागितले. परदेशी पाहुण्यांच्या गमती, त्यांना झेपलेलं तिखट, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. शेवट आशादायक करा, असंही म्हणाले. मी म्हटलं, शब्दांत काटछाट करा, शेवटाला हात लावायचा नाही. हो-नाही करत ते कबूल झाले. तेव्हा पुढे चला.

आमची संस्था हैदराबादच्या बाहेर. नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखायची ते ओळखतील. कोरडवाहू जमिनीची माती आणि पाणी कसं टिकवायचं, यावर निरनिराळ्या देशांचे शास्त्रज्ञ तिथे मिळून काम करायचे. नारायणगुड्याच्या मराठी शाळेतून मॅट्रिक होऊन मी तिथे ड्रायव्हर म्हणून लागलो. मराठी, तेलुगू, दखनी आणि कामापुरती इंग्रजी येत असल्यामुळे शास्त्रज्ञ गावात गेले की गाडीतून उतरून मीच बोलायचो. बोलता बोलता जमिनीचे करार माझ्याकडे आले आणि शेवटी दारावर ‘जमीन व संपर्क अधिकारी’ अशी पाटी लागली. चिक्कडपल्लीतल्या दोन खोल्यांतून निघून तिथवर पोचायला मला कुणाची चिठ्ठी लागली नाही. तोंड आणि राग, एवढंच भांडवल. दोन्हींनी मला मिळवून दिलं आणि दोन्हींनी घालवलंही.

माझं काम बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. मी शेतकऱ्यांना वाईट शेती करत राहायला राजी करायचो.

नीट सांगतो. नवी पद्धत चांगली की जुनी, हे कळायला दोन शेतं शेजारी शेजारी लागतात. एकात बांध घाला, खत घाला, पावसाळ्यात पीक घ्या. दुसऱ्यात काही करू नका. पावसाळाभर ते उघडं ठेवा, पाणी वाहू द्या, माती वाहू द्या, आणि थंडीत उरल्या ओलीवर ज्वारी टाका. दोन्ही शेतांच्या खालच्या टोकाला सिमेंटची पन्हळ आणि तीत मोजणारं यंत्र. किती पाणी गेलं, त्यातून किती माती गेली, ते मोजायचं. आम्ही याला जोडशेत म्हणायचो. आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात अशीच जोडशेतं होती आणि सगळ्यांचं मोजमाप एकमेकांशी ताडून बघितलं जायचं. सुधारलेल्या शेताला धनी मिळणं सोपं. दुसऱ्या शेताला? शेजाऱ्याचं पीक कंबरेला लागतंय आणि आपण शास्त्रासाठी वर्षानुवर्षं बिनपिकाचं बसायचं, याला कोण तयार होणार?

सायम्मा तयार झाली होती.

सायम्मा विधवा. बाप मेंढरं विकणारा, त्यामुळे रुमालाची भाषा तिला येत होती. बाप बाजारात तिला शेजारी बसवायचा. शेत उघडं ठेवण्याची भरपाई तिने पैशांत घेतली नाही, धान्यात घेतली. पैसा घरात आला की मुलाच्या खिशात जातो, असं तिचं म्हणणं. धान्य वेळेवर जायचं, ते मी बघायचो. पण धान्याने गावाची तोंडं बंद होत नाहीत. त्या शेताला गावाने नावच पाडलं होतं, ‘सायम्मा की बंजर’. सोयरीक जुळवायला आलेली माणसं ते शेत बघून परत गेली, असं तिनेच मला एकदा सांगितलं. नुसतं सांगितलं. तक्रार म्हणून नाही.

मग संस्थेत पुनर्रचना आली.

पुनर्रचना म्हणजे काय, ते नोकरदार वाचकांना सांगायला नको. आधी दारांवरच्या पाट्या बदलतात, मग दारं. माझ्या जमीन विभागाचा ‘भागीदारी कक्ष’ झाला. पुनर्रचनेसाठी सक्सेना नावाचे एक मोठे अधिकारी आले. एकेका माणसाला ते काचेच्या खोलीत बोलवायचे. टेबलावर आधीच कागदी रुमालांचा डबा ठेवलेला असायचा, डोळे पुसायला. तो डबा बघितला की माझं डोकं फिरायचं.

त्याच धामधुमीत एका सकाळी मुतुआंचा फोन आला. डॉक्टर मुतुआ केनियाचे, पाण्याचे शास्त्रज्ञ, जोडशेतांचं काम त्यांच्याकडे. उंच, हळू बोलणारा माणूस. त्या दिवशी मात्र ओरडत होते. “भालके, सायम्माच्या शेतात बोअरची गाडी उभी आहे!”

त्या शेतात बोअर पडला की जमिनीतली पाणीपातळी बदलणार, ओल बदलणार, आणि इतक्या वर्षांचं मोजमाप तिथेच तुटणार. बरं, पिकांच्या फेरपालटाचं तीन हंगामांचं नवं चक्र तेव्हाच सुरू होणार होतं. चक्र पुरं झालं तरच त्यातले आकडे बाकीच्या देशांशी ताडता येतात.

मी पोचलो तेव्हा बोअरची गाडी बांधावर धडधडत होती आणि अर्धं गाव जमलं होतं. सायम्माचा मुलगा राजू चालकाला जागा दाखवत होता. मी चालकाला म्हटलं, मशीन बंद कर. त्याने राजूकडे बघितलं.

राजू म्हणाला, “बंद नै होता सार. कित्ते साल हौला बनाते हमना? बाजूवाले टमाटर बेच के गाडी लिए. हमारे खेत में क्या है? तुमारी नाली!”

“करार है राजू.”

“किस के संग? वो आफिस के संग? वो आफिस रहता क्या, वोइच नै मालूम. तुमारी नौकरी रहती क्या, वो बोलो पैले!”

लोक हसले. त्याला कुणीतरी सगळं सांगितलेलं होतं. मी त्याच्या अंगावर धावून जाणार होतो. मुतुआंनी मागून माझा शर्ट धरला. तेवढ्यात सायम्मा गाडीच्या सावलीतून उठली.

“सारू, चिल्लाना नक्को,” ती म्हणाली. “मेरेकू बोलो. होर कित्ते?”

आणखी किती हंगाम, असं ती विचारत होती. मी काही बोलणार, तर तिने भोवतीच्या लोकांकडे नजर टाकली. मला कळलं. त्या गावात आमची आणखी शेतं होती. तिथे जे उघड ठरेल ते उद्या सगळे मागणार. खांद्यावरचा वडिलांचा रुमाल मी काढला. बाईमाणसाशी रुमालाखाली सौदा उभ्या बाजारात कुणी केला नसेल. एका म्हाताऱ्याने तोंड फिरवलं. सायम्माने हात पुढे केला. मी वर रुमाल टाकला.

मी तीन बोटं धरली. तीन हंगाम.

तिने झटकली. एक.

मी पुन्हा तीन. मशीन धडधडतच होतं. तिने माझी बोटं अशी पिळली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि चेहऱ्यावर तर काही दिसू द्यायचं नाही! मग थोडा वेळ तिचा हात नुसता माझ्या हातात पडून राहिला. ती शेताकडे बघत होती. शेवटी तिने दोन बोटं दाबली आणि सोडली.

दोन हंगाम.

रुमाल काढल्यावर तिने मोठ्याने विचारलं, “होर उस के बाद?”

बदल्यात काय द्यायचं ते मी सगळ्यांदेखत बोललो. शेत मोकळं झालं की गावातलं पहिलं शेततळं सायम्माच्या शेतात. राजूने थुंकून गाडी परत पाठवली. परतताना मुतुआंनी विचारलं, किती? मी सांगितलं, कारण त्या कामापुरते तेच माझे धनी होते. त्यांनी बोटांवर हंगाम मोजले. मग म्हणाले, “दोनने चक्र पुरं होत नाही.”

“तिसरा नाही मिळणार. मागायचाही नाही.”

“तू मिळवशील. तू नेहमी मिळवतोस.”

मला ते कौतुक वाटलं. फुगलोही असेन. पण मुदतवाढीचा जो प्रस्ताव बाहेरच्या देशांना गेला, त्यात मुतुआंनी तीन लिहिले. मला ते दोन हंगाम संपत आल्यावर कळलं, सक्सेनांच्या काचेच्या खोलीत.

सक्सेना आवाज न चढवता बोलायचे. “प्रस्तावात तीन हंगाम आहेत. तुम्ही म्हणता दोन. दोनचा आकडा कुठल्या कागदावर आहे?”

“कागदावर नाही. हातावर आहे.”

ते हसले. “मिस्टर भालके, ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे.”

“आणि शेततळं?”

“त्याचाही कागद नाही.” मग त्यांनी डबा थोडा बाजूला सरकवला, जणू माझ्यासाठी त्याची गरज पडणार नाही. “नव्या रचनेत गावांशी बोलणारं एक पद राहणार आहे. तिसरा हंगाम मिळवून द्या, ते तुमचं.”

मुतुआ शेजारीच बसले होते. त्यांचे डोळे मला आजही आठवतात. त्या माणसाला पद नको होतं, पैसा नको होता. त्यांच्या आईचं शेत तिकडे अशाच उतारावर, अशाच मातीत. इथलं चक्र पुरं झालं तर तिकडच्या लोकांना ठामपणे सांगता येणार होतं की बांध घाला, हे फळतं. “नुसतं विचार तिला,” ते म्हणाले.

“विचारणं म्हणजेच मोडणं, डॉक्टर. तुम्हाला दोन सांगितले होते. तीन का लिहिलेत?”

“कारण दोन लिहिले असते तर एकही मिळाला नसता.”

  कागदी रुमालांचा तो डबा मी उचलून भिंतीवर मारला आणि बाहेर पडलो.

रागाने डोकं रिकामं होतं असं म्हणतात. माझं तसं झालं नाही. माझी मुलगी कोठीच्या कॉलेजात शिकत होती, घर भाड्याचं होतं. नव्या रचनेतलं ते पद माझ्या डोळ्यांसमोर पाटीसकट उभं होतं. आणि सायम्मा कदाचित हो म्हणालीही असती! तिला अडीअडचणी होत्या, मला त्या सगळ्या ठाऊक होत्या आणि कुठली कधी दाबायची हेही ठाऊक होतं. तेच तर माझं कसब. गावाच्या फाट्यापर्यंत मी मनात सौदा मांडत गेलो. फाट्यावर चहा घेतला. तो तसाच ठेवून उठलो.

शेतात ज्वारी काढून झाली होती. सायम्मा कडब्याच्या पेंढ्या बांधत होती.

मी म्हटलं, “अम्मा, दो हो गए. खेत तुमारा.”

ती पेंढी बांधायची थांबली. “तुमारे लोगां क्या बोले?”

“कुछ नै.”

“झूट नक्को बोल. तेरा मुँह देख के कुत्ता बी बोलता, कुछ हुआ.” सायम्मा मला ‘तू’ म्हणाली ती तेव्हा पहिल्यांदा. “होर मांगने कू बोले ना?”

मी एक पेंढी उचलून तिच्याकडे दिली.

“तू मांगा क्या?”

“नै.”

“मांगता क्या?”

“नै, अम्मा.”

तिने हात कडब्यावर झटकून पुसले. पदराचं टोक पुढे धरलं आणि त्याखाली हात केला. “इधर दे.”

तिथे बघायला कुणी नव्हतं. रुमालाची गरजच नव्हती. मी हात घातला. तिने माझं एक बोट धरलं, मधल्या पेरापर्यंत चाचपलं, आणि दाबलं.

अर्धा.

“नीचे का आधा रखती,” ती म्हणाली, “तुमारी नाली के पास का. वैसाइच, नंगा. उप्पर का आधा राजू कू देती. एक हंगाम. बस.”

खालचा अर्धा म्हणजे ओलीचा, चांगला अर्धा. मी मागितला नव्हता. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो, तर म्हणाली, “देखता क्या? तालाब किधर है मेरा?”

अर्ध्या शेताची बातमी मुतुआंना सांगितली तेव्हा ते खुर्चीतून उठले आणि माझे दोन्ही हात धरले. चालेल म्हणाले. वरच्या अर्ध्यातून येणारं पाणी चराने बाजूला काढू, मी हिशेब बसवतो. त्या दिवशी मला वाटलं, झालं. जमलं.

सक्सेना म्हणाले, प्रस्तावात पूर्ण शेत आहे. अर्ध्या शेताला तरतूद नाही. काम बंद करा.

मृगात संस्थेचा ट्रक आला आणि पन्हळीतली यंत्रं काढून घेऊन गेला. मुतुआंचा करार संपला. ते जाताना विमानतळावर मीच त्यांना सोडलं.  माझं पदही गेलं. ‘स्वेच्छेने’ असा शब्द कागदावर होता. माझी इच्छा त्यांना कुठे दिसली, कोण जाणे.

तळ्याचा शब्द राहिला होता. संस्था देणार नव्हती आणि माझ्या पदरी तर काहीच नव्हतं. पण त्या बाजूला मोठ्या रस्त्याचं काम निघालं होतं आणि कंत्राटदार मुरमासाठी गावोगाव फिरत होता. सायम्माच्या वरच्या अर्ध्याच्या कोपऱ्यात काळीखाली मुरूम आहे, हे मला वर्षानुवर्षं ठाऊक. कंत्राटदाराशी दोन दिवस भांडलो. मुरूम तुझा, खड्डा आमचा; खड्डा आम्ही सांगू तिथे, सांगू तितका खोल, आणि वरची काळी माती बाजूला काढून परत तिच्याच शेतात पसरायची. तो म्हणाला, असला सौदा आपण आयुष्यात केला नाही. मी म्हटलं, मग आज कर. त्याच पावसाळ्यात तळं भरलं. राजू काठावर उभा राहून पाण्याकडे बघत होता. मला बघून त्याने मान हलवली. एवढंच. मला ते पुरलं.

मात्र खालचा अर्धा उघडाच होता. वर राजूचे टोमॅटो, खाली बंजर, मधे रेघ मारल्यासारखी हद्द. मी सायम्माला म्हटलं, “अम्मा, पेर के टाको अब. मशीन गए. कोई नै आता नापने कू.”

“बोली सो बोली.”

“पर किस के वास्ते?”

ती माझ्यावर खेकसली. “तेरे लोगां नै आए, वो तेरे लोगां जाने. उंगली मेरी थी.”

पावसाळाभर ते अर्धं शेत तसंच राहिलं. पाणी आलं, गेलं, माती घेऊन गेलं, आणि पन्हळीत मोजायला काही नव्हतं. दोन-तीन वेळा पाऊस थांबल्यावर मी बसने तिथे गेलो. का गेलो, विचारू नका. गढूळ पाणी पन्हळीतून जाताना बघितलं आणि परत आलो.

काही वर्षांनी त्या साऱ्या कामाचा जाड, गुळगुळीत कागदाचा अहवाल निघाला. देशोदेशीच्या शास्त्रज्ञांची नावं, झेंडे, रंगीत नकाशे. जुन्या ओळखीच्या एकाने मला तो आणून दिला. आमच्या जोडशेतावर एक परिच्छेद आहे. त्याचं शेवटचं वाक्य असं, मराठीत सांगतो: ‘शेतकऱ्याने सहकार्य काढून घेतल्यामुळे येथील नोंद अपुरी राहिली.’

मी त्याच दिवशी संस्थेत गेलो. पूर्वी मला सलाम ठोकणाऱ्या फाटकावरच्या माणसाने पाहुण्यांचा पास मागितला. तिथूनच माझा आवाज चढला आणि तिथेच मला थांबवलं गेलं. आतून निरोप आला: अहवाल छापून झालेला आहे.

माझं नाव त्या अहवालात नाही, त्याचं मला दुःख नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण माझं नाव नसणं ही एक गोष्ट आणि सायम्माच्या माथी हे वाक्य असणं ही दुसरी. तो अहवाल केनियात वाचला जात असेल, ऑस्ट्रेलियात वाचला जात असेल. मुतुआ वाचत असतील. त्यांना तरी खरं ठाऊक आहे. बाकीच्यांना मी कसं सांगणार? माझ्या हातात हा दिवाळी अंक आहे. माझी मुलगीसुद्धा मराठी अक्षराला अक्षर जुळवत वाचते, तर केनियात हा कोण वाचणार, हे मला कळतं. तरीही.

गेल्या महिन्यात सायम्माकडे गेलो. आता ती थकली आहे. तळ्याच्या काठावर बाज टाकून बसते आणि राजूच्या मजुरांवर ओरडते. मी सांगितलं, एका पुस्तकात लिहायचं म्हणतोय, रुमालातला आकडा सांगायचा आहे, तू हो म्हणालीस तरच.

तिने विचार केला. “मेरा नाम बी रहता?”

“रहता.”

“कित्ते बोल के लिखता?”

“ढाई.”

“हौ,” ती म्हणाली. “आधा भूलना नक्को.”

विसरलो नाही. त्या गावातल्या सायम्माने सहकार्य काढून घेतलं नाही. तिच्याकडे तीन हंगाम मागितले होते. तिने अडीच दिले.